हिवतापाचं औषध कुणाला किती लागू पडलं, हे कसं ओळखावं: नव्या आशाताई आणि आरोग्यसेवकांसाठी

कोल्हापूर म्हणजे गडचिरोली नव्हे. इथं हिवतापाचा रुग्ण रोज समोर येत नाही, त्यामुळे नव्या माणसाचा या आजारावर हात बसायला वेळ लागतो. मग कधीतरी एकदम गाठ पडते. शिरोलीच्या फौंड्रीत ओडिशाहून आलेला पोरगा, इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा झारखंडचा कामगार, मुंबईला भावाकडं महिनाभर राहून आलेली राधानगरीची बाई. तिघांनाही थंडी वाजून ताप, तिघांच्याही रक्तात जंतू. आठ दिवसांनी पहिला कामावर हजर असतो, दुसरा अजून अंथरुणाला धरून असतो, आणि ती बाई म्हणते, "ताई, गोळ्या खाल्ल्या, पण गुण नाही आला बघा."

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासत माझी नोकरी गेली. "गुण नाही आला" हे मी पुष्कळ ऐकलं, आणि त्यामागं दर वेळी वेगळं कारण निघालं. कधी गोळी उलटीत पडलेली, कधी वजनाच्या मानानं डोस कमी, कधी यकृतात दडलेले जंतू, तर कधी औषधानं आपलं काम चोख केलेलं आणि आपलीच तपासणी चुकीची. औषध निकामी ठरवण्याआधी हे सगळं चाळून बघायचं असतं. ते कसं, ते मी कामाच्या क्रमानं सांगते. औषध आणि डोस ठरवणं हे वैद्यकीय अधिकाऱ्यांचं काम आहे. पण ते ज्या माहितीवर ठरवतात ती आपण गोळा करतो, म्हणून ती पक्की हवी.

आधी जंतू कोणता ते

आपल्याकडं मुख्यतः दोन जंतू भेटतात: व्हायव्हॅक्स, म्हणजे आपल्या बोलण्यातला पीव्ही, आणि फॅल्सिपेरम, म्हणजे पीएफ. दोघांची औषधं वेगळी, आणि "बरा झाला" याचा अर्थही वेगळा.

पीव्हीला तीन दिवस क्लोरोक्वीन आणि त्याच्या जोडीला चौदा दिवस प्रायमाक्वीन. क्लोरोक्वीन रक्तातले जंतू मारतं, पण पीव्हीचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. त्यांच्यावर क्लोरोक्वीनचा काही इलाज चालत नाही, तिथं प्रायमाक्वीनच लागतं. आपण ज्याला समूळ उपचार म्हणतो त्यातलं "समूळ" हे या यकृतातल्या मुळाबद्दल आहे.

पीएफला क्लोरोक्वीन द्यायचं नाही. क्लोरोक्वीनला न जुमानणारा फॅल्सिपेरम भारतात पहिल्यांदा १९७३ साली आसामात सापडला आणि पुढं देशभर पसरला. आता राष्ट्रीय कार्यक्रमात पीएफला आर्टेसुनेट तीन दिवस, त्याच्यासोबत पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनचा एकच डोस असतो. ईशान्येकडच्या राज्यांत आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन देतात. तेच औषध आपल्याकडं खासगी दवाखान्यांतही सर्रास लिहून दिलं जातं, त्यामुळे ते तुमच्या पाहण्यात येईल.

दोन-दोन औषधं कशासाठी, असं रुग्ण विचारतो. आर्टेसुनेट फार जोरकस आहे, पण शरीरातून काही तासांत निघून जातं. मागं उरलेले थोडे जंतू संपवायला रक्तात बरेच दिवस टिकणारं दुसरं औषध लागतं. सोबत्यानं काम केलं नाही तर ताप दोन दिवसांत उतरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा चढतो.

गोळी देण्याआधी रक्ताची काचपट्टी घ्या, जाड थेंब आणि पातळ लेप दोन्ही. झटपट तपासणीच्या किटवर निदान झालं असलं तरी घ्याच. पुढं तुलना करायची वेळ आली तर पहिल्या दिवशी जंतू किती होते हे फक्त त्या काचेवरूनच कळणार आहे.

वजन विचारू नका, काट्यावर उभं करा

डोसचा तक्ता वयाप्रमाणे केलेला असतो, कारण गावोगाव काटा नेणं शक्य नव्हतं. पंधरा वर्षांवरच्या सगळ्यांना क्लोरोक्वीनच्या पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या. एका गोळीत मूळ औषध १५० मि.ग्रॅ., म्हणजे एकूण १५०० मि.ग्रॅ. आता हिशोब करा. औषध लागतं किलोमागं २५ मि.ग्रॅ. साठ किलोच्या माणसाला १५०० बरोबर पुरतात. पंचेचाळीस किलोच्या मुलीला किलोमागं ३३ मिळतात. आणि तालमीत रोज जोर-बैठका मारणाऱ्या शंभर किलोच्या पैलवानाला फक्त १५.

प्रायमाक्वीनचंही तसंच. मोठ्या माणसाला रोज १५ मि.ग्रॅ. देतात, ते साठ किलोला किलोमागं ०.२५ बसतं. शंभर किलोला ०.१५. आपल्या जिल्ह्यात गावोगाव तालमी आहेत, धिप्पाड पोरं आहेत. असा गडी दोन महिन्यांनी पुन्हा तापानं फणफणला तर लोक म्हणतात, "एवढ्या ताकदीच्या माणसाला गोळी लागू पडंना." ताकदीचा प्रश्नच नाही, अंगाच्या मानानं औषध कमी पडलेलं असतं. अशा रुग्णाचं वजन कागदावर ठळक लिहा आणि डॉक्टरांना सांगा, "सर, वजनावर हिशोब कराल का?" आपल्या मनानं मात्र एकही गोळी वाढवू नका. क्लोरोक्वीनचा जास्त डोस हृदयाला घातक ठरतो, आणि लहान मुलाच्या बाबतीत तर थोड्याशा जादा गोळ्याही जिवावर बेतू शकतात.

कुपोषित बाळाचं वजन तर करायलाच हवं. वयाच्या तक्त्यात ते एका रकान्यात बसतं आणि काट्यावर दुसऱ्याच. शिवाय कुपोषणात आतड्यातून औषध नीट शोषलं जात नाही, त्यामुळे डोस बरोबर असूनही रक्तात औषध कमी पोचतं. अशा बाळाकडं रोज जायचं, तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही.

गोळी पोटात गेली का, आणि राहिली का

पहिला डोस स्वतःच्या डोळ्यांदेखत द्या आणि अर्धा तास तिथंच थांबा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यायचा असतो. पुन्हा उलटी झाली, पोटात काहीच ठरत नसलं, तर रुग्णाला पुढं पाठवा. अशाला तोंडानं औषध देत राहण्यात अर्थ नाही, इंजेक्शन लागेल.

क्लोरोक्वीन आणि प्रायमाक्वीन रिकाम्या पोटी देऊ नका. मळमळ वाढते आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण गोळीकडं बघतही नाही. भाकरी जात नसेल तर भाताची पेज चालते, दोन घास खिमट चालतं.

आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिनच्या बाबतीत खाण्याला आणखी मोठं कारण आहे. ल्युमेफँट्रिन स्निग्ध पदार्थाबरोबरच नीट शोषलं जातं. नुसत्या पाण्याबरोबर घेतलं तर बरंचसं औषध वाया जातं. मोठ्या माणसाचा कोर्स चोवीस गोळ्यांचा: सकाळ-संध्याकाळ चार-चार, तीन दिवस. तापात तोंडाला चव नसते, माणूस कोऱ्या चहावर दिवस काढतो आणि चोवीसच्या चोवीस गोळ्या इमानदारीनं गिळूनही औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. तेलकट जेवण लागत नाही, थोडीशी स्निग्धता पुरते. अर्धा कप म्हशीचं दूध भरपूर झालं. गंगावेशीच्या दूधकट्ट्याच्या गावात हे सांगायला अवघड जाऊ नये, पण खोलीत सहा-सहा जण राहणाऱ्या परगावच्या कामगाराकडं दूध नसतं, हेही लक्षात ठेवा. त्याला दुधाचा अर्धा लिटर आणून द्यायला मुकादमाला सांगा. मी सांगायचे, आणि बहुतेक मुकादम ऐकायचे.

आणखी एक बारीक गोष्ट. जळजळीवरची पातळ औषधं आणि चघळायच्या गोळ्या आपल्याकडं घरोघर असतात. त्या क्लोरोक्वीनबरोबर घेतल्या तर क्लोरोक्वीन कमी शोषलं जातं. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगा.

गोळी देण्याआधीचे प्रश्न

हे प्रश्न मी एका दमात विचारायचे नाही. गप्पा मारत, काचपट्टी वाळेपर्यंत विचारून व्हायचे.

पोरगं कुठलं आहे, किती वर्षं तिकडं होतं? ओडिशा, झारखंड, बस्तर, गडचिरोली अशा भागात लहानपणापासून हिवताप अंगावर काढलेल्या माणसाचं शरीर जंतूशी लढायला शिकलेलं असतं. पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी. त्याला गोळी दिली की औषध आणि शरीर मिळून जंतू झपाट्यानं साफ करतात. कोल्हापुरातच जन्मलेल्या-वाढलेल्या माणसाकडं ती शिदोरी नसते, सगळा भार एकट्या औषधावर पडतो. म्हणून तीच गोळी, तोच डोस, पण इथल्या माणसाला उतार पडायला वेळ लागतो आणि प्रकृती बिघडली तर झटक्यात बिघडते. सुरुवातीला मी सांगितलेली राधानगरीची बाई अशातलीच. तिला फौंड्रीतल्या पोराच्या मापानं मोजू नका.

दिवस गेलेत का? गरोदर बाईला प्रायमाक्वीन कधीच द्यायचं नाही, अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळालाही नाही. पीव्ही असलेल्या गरोदर बाईला क्लोरोक्वीन चालतं, पण यकृतातले जंतू तसेच राहतात आणि ताप परतू शकतो. तो औषधाचा दोष नव्हे, मूळ राहिलेलं असतं. बाळंतपणानंतर समूळ उपचाराबद्दल डॉक्टरांना विचारायचं, हे तिच्या कार्डावर आजच लिहून ठेवा, नाहीतर कुणाच्याही लक्षात राहत नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत शरीरातलं पाणी वाढतं, औषधं लवकर बाहेर पडतात, ल्युमेफँट्रिनसारख्या औषधाची रक्तातली पातळी त्यामुळे कमी राहते. पीएफ असलेली गरोदर बाई थेट डॉक्टरांकडं. क्विनाइन, म्हणजे हिवतापाचं जुनं औषध, दिलं असेल तर रक्तातली साखर उतरते का, हे बघावंच लागतं.

दुसरं कुठलं औषध चालू आहे? टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताचं काम वाढवतं आणि आर्टिमेथर, ल्युमेफँट्रिन, क्विनाइन यांचा फडशा पाडतं. एचआयव्हीच्या उपचारातलं इफाविरेन्झही ल्युमेफँट्रिनची पातळी उतरवतं. हे आजार लोक चारचौघांत सांगत नाहीत, म्हणून बाजूला घेऊन विचारा. आणि फॉलिक ॲसिडची ५ मि.ग्रॅ.ची गोळी चालू असेल तर तेही लिहा, कारण सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनचं काम जंतूचं फोलेट तोडण्याचं आहे आणि एवढा मोठा डोस जंतूला पुन्हा बळ देतो. लोहाच्या गोळीत असतं तेवढ्या थोड्या फॉलिक ॲसिडनं काही बिघडत नाही.

सल्फाची ॲलर्जी आहे का? पूर्वी एखाद्या गोळीनं अंगावर चट्टे उठले, तोंड सोलवटलं असं झालंय का? पीएफच्या पाकिटात सल्फा आहे, म्हणून हा प्रश्न चुकवू नका.

प्लीहा काढलेली आहे का? अपघातानंतर काढलेली असू शकते. रक्तातले मेलेले आणि अर्धमेले जंतू गाळण्याचं काम प्लीहा करते. ती नसलेल्या माणसाच्या काचपट्टीवर जंतू जास्त दिवस दिसत राहतात.

आणि शेवटचं, जी६पीडी. हे तांबड्या पेशींना सांभाळणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. काही घराण्यांत ते जन्मतःच कमी असतं, पुरुषांत त्याचा त्रास जास्त दिसतो. अशा माणसाला प्रायमाक्वीन दिलं तर तांबड्या पेशी फुटायला लागतात. तपासणीची सोय असेल तिथं ती करून घ्या. नसेल तिथं विचारा: पूर्वी कुठल्या गोळीनं लघवी काळसर झाली होती का, घरात कुणाला असं झालंय का?

तिसरा दिवस

ताप उतरला का, हे सगळे विचारतात. खरी परीक्षा काचेवर असते. इथं पहिली गोळी दिली तो दिवस शून्य धरतात. दुसऱ्या दिवशीच्या काचेवर शून्य दिवसापेक्षा जंतू जास्त असतील. तिसऱ्या दिवशी जंतू आहेत आणि काखेतला ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त आहे. किंवा ताप नाही, पण जंतू शून्य दिवसाच्या पाव भागाइतके किंवा त्याहून जास्त आहेत: यातलं काहीही दिसलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे उपचाराला लवकर आलेलं अपयश मानतात. तिथं थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. गोळी देण्याआधी काच घ्याच म्हटलं ते याचसाठी.

आता जिथं नवी माणसं चुकतात ते. पीएफच्या रुग्णाच्या काचेवर उपचारानंतरही विळ्याच्या आकाराचे जंतू दिसू शकतात. ते लैंगिक अवस्थेतले, गॅमेटोसाइट. त्यांच्यामुळे रुग्णाला ताप येत नाही, पण डासाला लागण होते. नुसते विळे दिसले आणि कड्यासारखे बाल जंतू नसतील तर औषध निकामी म्हणायचं नाही. उपचारातला प्रायमाक्वीनचा एकच डोस दिला होता का, ते बघायचं.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत पीएफच्या एका कामगाराची दहाव्या दिवशी किटवर पुन्हा तपासणी केली, रेघ उमटली, आणि मी नोंदवहीत "औषध लागू नाही" असं लिहून मोकळी झाले. त्याला परत औषध सुरू होणार, तेवढ्यात डॉक्टरांनी काचपट्टी मागितली. काचेवर एकही जंतू नव्हता. पीएफचं किट जंतू नव्हे, तर जंतूनं रक्तात सोडलेलं प्रथिन ओळखतं, आणि ते प्रथिन जंतू मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहतं. किट निदानाला वापरा. औषधाचा गुण मोजायला काचपट्टीच.

तिसऱ्या दिवसापर्यंत किंवा नंतर कधीही ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका: बडबड किंवा गुंगी, झटके, धाप, कावीळ, लघवी बंद होणं, उठून बसताही न येण्याइतका अशक्तपणा. गाडी काढा आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. तिथं आर्टेसुनेटचं इंजेक्शन शिरेतून देतात. ज्यांना ते मिळालं, त्यांच्यापैकी काहींच्या तांबड्या पेशी एक ते तीन आठवड्यांनी फुटतात, विशेषतः ज्यांच्या रक्तात जंतूंची संख्या फार होती त्यांच्या. म्हणून रुग्ण घरी आला म्हणून नाव खोडायचं नाही. चार आठवडे दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघा.

चौदा दिवस

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोटाळा इथं होतो. तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो, पाचव्या दिवशी माणूस म्हणतो, "बरं वाटालंय की आता, कशाला उगंच गोळ्या?" आणि पाकीट फडताळात जातं. यकृतातल्या जंतूंना मारायला प्रायमाक्वीन रोज, सलग, ठरलेल्या मापात पोचावं लागतं.

ते औषध शरीरात काही तासच टिकतं, त्यामुळे मधले तीन दिवस बुडवून नंतर दुप्पट घेतलं तर भरपाई होत नाही. माझी पद्धत अशी होती: चौदा चौकोन काढलेला कागद भिंतीवर, रोज एक चौकोन घरच्या पोरानं रंगवायचा. शाळेतली पोरं हे काम विसरत नाहीत. तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी स्वतः जायचं, पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या. तोंडाचा हिशोब नको, पाकिटाचा हवा.

सातव्या दिवसापर्यंत लघवीचा रंग रोज विचारा. काकवीसारखी काळपट लघवी, डोळे पिवळे, ओठ निळसर, धाप, पोटात दुखणं यातलं काहीही दिसलं तर प्रायमाक्वीन ताबडतोब बंद आणि रुग्ण डॉक्टरांकडं. कोर्स पुरा करायचा आग्रह इथं धरायचा नाही.

चौदाच्या चौदा चौकोन रंगले, वजनही बेतात, तरी ताप परतला, असंही होतं. प्रायमाक्वीन गिळलं जातं तसं ते काम करत नाही. यकृतातलं एक विकर त्याचं रूप बदलतं, तेव्हा त्याला धार येते. हे विकर काहींच्यात जन्मतःच मंद असतं. अशा माणसाला खोटारडं ठरवू नका. "गोळ्या टाकून दिल्यास ना?" असं ऐकवलेला रुग्ण पुढच्या तापाला आपल्याकडं फिरकत नाही.

पुन्हा ताप आला तर

आधी काचपट्टी. जंतू नसतील तर ताप दुसऱ्या कशाचा तरी आहे. पावसाळ्यात डेंग्यू, आणि पुराच्या गावांत लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, डोक्यात ठेवा. जंतू असतील तर तारखा मोजायला बसा.

पीएफ परत दिसला आणि अठ्ठावीस दिवसांच्या आतला असेल, तर पहिले जंतू पूर्ण मेले नसण्याची शंका घ्यायची, कारण पीएफ यकृतात झोपत नाही. वजन, उलटी, जेवण, दुसरी औषधं ही सगळी पानं पुन्हा उलटायची. तोच माणूस दरम्यान गावी जाऊन आला असेल तर नवी लागणही असू शकते.

पीव्हीचा हिशोब वेगळा. क्लोरोक्वीन रक्तात कित्येक आठवडे रेंगाळतं आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या जंतूंना तोवर दाबून ठेवतं. म्हणून पीव्ही अठ्ठावीस दिवसांच्या आत परतला तर क्लोरोक्वीन नीट पोचलं का, की जंतूच त्याला जुमानत नाही, हा प्रश्न डॉक्टरांपुढं ठेवायचा. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी किंवा वर्षानं परतला तर बहुतेक वेळा झोपलेला जंतू जागा झालेला असतो, आणि मग चौदा दिवसांच्या कागदाकडं वळायचं.

अडचण अशी की तोवर माणूस इथं राहत नाही. ऊसतोडीची टोळी शिरोळ-हातकणंगल्यातला हंगाम उरकून मार्च-एप्रिलात बीडकडं परतते, फौंड्रीतला पोरगा सणाला गावी जातो. ताप परततो तेव्हा समोरच्या डॉक्टरला मागचं काहीच ठाऊक नसतं, आणि पहिल्यापासून तेच औषध, त्याच मापात सुरू होतं. म्हणून रुग्णाला सोडताना एक कागद त्याच्या आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवा. त्यावर जंतूचं नाव, निदानाची तारीख, वजन, कोणती औषधं किती दिवस घेतली, शेवटच्या गोळीची तारीख आणि काचपट्टी शेवटची कधी निगेटिव्ह आली, एवढं मोठ्या अक्षरांत. मराठी वाचता न येणाऱ्यासाठी हिंदीतही लिहा. आणि टोळी बैलगाड्या जुंपायच्या आधी, भल्या पहाटे फडावर जा. सूर्य वर आला की कुणी सापडत नाही.